वीस लिटर पाणी

शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात एक मासा नेहमी इतरांपासून वेगळा ठेवलेला आढळतो. गप्पी, एंजल, गोल्डफिश ही मंडळी मोठ्या टाक्यांतून थव्याने फिरत असतात. आणि बाजूच्या फळीवर ओळीने मांडलेल्या लहान लहान पेल्यांतून, ओंजळभर पाण्यात, एकेक ‘फायटर’ निश्चल उभा असतो. कुणी निळा, कुणी तांबडा, रेशमी पदरासारखे पर खाली सोडलेला. गिऱ्हाईक थबकले की दुकानदार पेल्यापुढे आरसा धरतो. आपल्याच प्रतिबिंबाला वैरी समजून मासा कल्ले फुगवतो, पर पसरतो आणि सौदा ठरतो. “याला काही लागत नाही, बरणीत सुद्धा जगतो,” हे आश्वासन वर मिळते.

तो बरणीत काही काळ तग धरतो, हे खरे आहे. आम्हांला लिहावयाचे आहे ते त्या ‘सुद्धा’विषयी.

या माशाचे ‘बेट्टा स्प्लेन्डेन्स’ हे शास्त्रीय नाव १९१० सालचे. त्याचे मूळ घर थायलंड. तेथे त्याला ‘प्ला कट’, म्हणजे चावरा मासा, म्हणतात आणि २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातखाचरे, दलदल, संथ उथळ पाणी हे त्याचे राहण्याचे ठिकाण. वसईच्या भातशेतीच्या बांधावर वाढलेल्या माणसाला ते पाणी डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही. उन्हाने तापलेल्या अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो. म्हणून या माशाच्या कल्ल्यांच्या वर वळ्यावळ्यांचा एक अवयव असतो. शास्त्रज्ञ त्याला ‘लॅबिरिन्थ’, म्हणजे चक्रव्यूह, म्हणतात. मासा पृष्ठभागावर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. याच देणगीमुळे तो बरणीतही लगेच गुदमरत नाही. मात्र खाचरातले पाणी उथळ असले तरी शेतभर पसरलेले असते, त्यात रोपे असतात, लपायला जागा असते. बरणीत यांतले काहीच नसते. माशाच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया तेवढ्याच पाण्यात साचत राहतो आणि त्याच पाण्यात त्याला राहावे लागते.

आमच्या नातीने या माशाचा हट्ट धरला तेव्हा आधी घर, मग पाहुणा, अशी अट आम्ही घातली. १६ इंच लांब, १० इंच रुंद व १० इंच उंच अशी काचेची टाकी आणली. ८ इंचांपर्यंत भरली की तिच्यात सुमारे २० लिटर पाणी मावते. तळाशी धुतलेली बारीक वाळू घातली. लाकडाच्या ओंडक्याला जावा फर्न व अनुबियास दोऱ्याने बांधले. प्लास्टिकची झाडे घेतली नाहीत. त्यांच्या कडांनी याचे नाजूक पर फाटतात. जोराचा प्रवाह याला सोसत नाही, म्हणून हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा फिल्टर लावला. मासा उडी मारतो म्हणून वर झाकण, आणि त्याला हवा घेता यावी म्हणून झाकण व पाणी यांत दोन इंचांचे अंतर.

एवढे झाल्यावर मासा आणावयाचा, अशी नातीची समजूत होती. आम्ही मात्र पाच आठवडे थांबलो. अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे त्यामानाने सौम्य असे नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात आणि वाळूत वस्तीला यावे लागतात, आणि त्याला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. त्यांच्यासाठी रोज चिमूटभर माशांचे खाद्य त्या रिकाम्या टाकीत टाकीत असू. शेजारी येऊन पाहात आणि काही न बोलता जात. एके संध्याकाळी नात वैतागून म्हणाली, “आजोबा, लोक मासे पाळतात. आपण पाणीच पाळतोय!”

पोरीने रागाच्या भरात या साऱ्या व्यवहाराचे मर्मच सांगून टाकले होते. पुढे मासा आला, तरी आमच्या हातून होणारी सेवा बहुतांशी पाण्याचीच असते. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी काढावयाचे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन औषधाच्या थेंबांनी मारून, तितक्याच कोमटपणाचे पाणी हळूहळू भरावयाचे. स्पंज धुवावयाचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात. नळाखाली धरला तर जिवाणूंची वस्ती क्लोरीनने मरते. तापमान २४ ते २८ अंशांच्या दरम्यान राखावयाचे. जानेवारीच्या रात्री त्यासाठी हीटर लागतो. कुंपणाजवळच्या देशी बदामाचे गळून वाळलेले पान धुवून टाकले की पाण्याला चहासारखा रंग येतो आणि मासा त्याच्या सावलीला जाऊन राहतो. खाण्याचे म्हणाल तर दोन वेळा दोन-तीन दाणे पुरतात. आरसा मात्र आम्ही घरात कधी धरू दिला नाही. लढाईच्या आविर्भावात आपल्याला सौंदर्य दिसते. त्याच्यापुढे मात्र शत्रू उभा असतो.

या लहानशा जिवाकडे पाहताना एक विचार वारंवार मनात येतो. जो अधिक सोसतो, त्याला कमी दिले तरी चालते, असा आपला एक अलिखित नियम आहे. नाजूक मासा चार दिवसांत मरतो, म्हणून त्याला मोठी टाकी मिळते. हा महिनोन्महिने तग धरतो, म्हणून त्याला पेला. माणसांच्या घरांतूनही हेच चालते. जी सून कुरकुर करीत नाही तिच्या वाट्याला शेवटची भाकरी येते. जो म्हातारा काही मागत नाही त्याची खाट ओसरीच्या कोपऱ्यात जाते. “त्यांना काही लागत नाही हो,” असे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. सोसण्याची शक्ती हा त्यांचा गुण असतो. त्या गुणावर आपण आपली काटकसर भागवितो.

आमच्या माशाला येऊन आता अडीच वर्षे झाली. या जातीचे आयुष्य साधारण तीन वर्षांचे, म्हणजे तो म्हातारा झाला आहे. पाठीला किंचित बाक आला आहे, निळाई फिकी पडली आहे. हवेच्या घोटासाठी वर येताना तो मध्येच एखाद्या पानावर टेकतो. गेल्या महिन्यात आम्ही टाकीतील पाणी ८ इंचांवरून ५ इंचांवर आणले, म्हणजे त्याला चढण कमी पडेल. हीटर पाण्याखाली राहावा म्हणून तो आडवा बसविला. पाणी कमी झाल्याने ते लवकर खराब होते. म्हणून आता आठवड्यातून दोनदा बदलावे लागते. बादली नात उचलते. पाणी कोमट झाले की नाही, ते ती कोपर बुडवून पाहते आणि मगच ओतते.