हुनर आणि तालीम

आपल्या मोहल्ल्यात दोन शब्द मोठ्या आदराने घेतले जातात. एक हुनर आणि दुसरा तालीम. (आम्हा कोल्हापूरकरांना तालीम म्हटलं की आधी लाल माती आठवते, मी इथे शिक्षणाबद्दल बोलतो आहे.) पण हे दोन्ही शब्द एकाच मुलाबद्दल क्वचितच ऐकू येतात. ज्याच्या हाताला हुनर आहे त्याची शाळा केव्हाच सुटलेली असते. जो शाळेत टिकला त्याचे हात काळे होऊ नयेत, अशी घरातल्या सगळ्यांची दुवा असते. लेथवर, गॅरेजमध्ये, वेल्डिंगच्या दुकानात राबलेल्या बापाला दुसरं काही सुचतही नाही. त्याने त्या कामातलं सोसणं पाहिलेलं असतं.

माझे अब्बा उद्यमनगरात लेथवर होते. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचे. शाळा चौथीपर्यंतची. पण त्यांच्या बोटांना थाऊ कळायचा, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मी पाढ्यांच्या आधी शिकलो. अ‍ॅल्युमिनियम कापताना ते टूलवर रॉकेलचे थेंब सोडत. हा धातू मऊ, टूलच्या धारेला चिकटतो आणि मग कट खरबरीत येतो. असं का होतं हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितलं नव्हतं. "लोहा किसीकी सिफारस नै सुनता," असं ते म्हणत. माप चुकलं की जॉब भंगारात, मग करणारा मालकाचा भाचा का असेना.

मी कचेरीत बसावं ही त्यांची इच्छा होती. मी आयटीआयला टर्नर झालो आणि पुढे तोच ट्रेड शिकवायला लागलो. कारखान्याची लेथ सोडून सरकारी लेथवर आलो, एवढाच काय तो फरक. अब्बांना मात्र मुलगा 'सर' झाल्याचं समाधान मिळालं. तीच लेथ, तेच चक, तेच टूल. पण त्यांना आयुष्यभर लोकांनी 'मिस्त्री' म्हटलं आणि मला 'सर'. या फरकाचा विचार मी निवृत्त होईपर्यंत फारसा केला नव्हता. तो करायला लावला माझ्या नातीच्या शाळेने.

मुलगी आणि जावई अमेरिकेत मिशिगनमध्ये असतात. २०२४ च्या जानेवारीत मी तिथे होतो. नात दहावीत. रोज संध्याकाळी शाळेत परत जायची आणि रात्री नऊला यायची. नखांत काळं, जाकिटावर अ‍ॅल्युमिनियमचा चुरा. विचारलं तर म्हणाली, "नाना, मी लेथ शिकतेय. तुम्ही येणार बघायला?"

तिथे शाळाशाळांमध्ये रोबोटची स्पर्धा असते. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये त्यासाठी 'फर्स्ट' नावाची संस्था काढली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. आज संघ हजारोंनी आहेत आणि अमेरिकेत सर्वांत जास्त मिशिगनमध्ये. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांचा तो मुलूख, तेव्हा त्यात नवल नाही. जानेवारीच्या आरंभी त्या वर्षीचा खेळ जाहीर होतो. त्या साली जमिनीवरची नारिंगी फोमची कडी उचलून उंच खाच्यात फेकायची होती. तसा रोबोट मुलांनी काही आठवड्यांत स्वतः आखायचा आणि बांधायचा. त्या वर्षी वजनाची मर्यादा, बॅटरी आणि बंपर सोडून, १२५ पौंड होती, म्हणजे सुमारे ५७ किलो. एक सामना अडीच मिनिटांचा होता.

हे खेळणं असेल असं मला वाटलं होतं. शाळेच्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकलं आणि तेलाचा वास आला, तेव्हा मत बदललं. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, ड्रिल आणि पत्रे कापणारं एक संगणकी राउटर. शिकवणारा माणूस मोटार कारखान्यात चाळीस वर्षं डाय बनवून निवृत्त झालेला. पगार नाही, आपखुशीने येतो. तिथे त्याला मेंटर म्हणतात. आपल्या भाषेत तो मिस्त्रीच. त्याने माझे हात पाहिले आणि काही न विचारता मायक्रोमीटर पुढे केला. मी माप वाचलं. त्यानंतर आम्हा दोघांना भाषेची अडचण फारशी आली नाही.

नव्या मुलांना तो आधी मशीन देत नाही. डोळ्यांवर गॉगल, बाह्या कोपरापर्यंत वर, हातात मोजे नाहीत, अंगठी नाही. चकची चावी चकात ठेवून हात सोडायचा नाही, कारण मशीन सुरू झालं तर ती गोळीसारखी सुटते. हाच धडा मी शेकडो मुलांना दिला होता. मग पहिलं काम येतं स्पेसरचं. दोन भागांमधलं अंतर राखणारी ही छोटी नळी. तोंड सपाट करायचं, मापावर आणायचं, पार्टिंग टूलने कापायचं. नातीने दीड इंचाचा स्पेसर वीस थाऊंनी आखूड कापला. तिने तो हळूच पेटीत टाकला, तर मेंटरने काढून मोजायला लावला आणि आकडा वहीत लिहायला सांगितलं. रागावला नाही. तिनेही सबब सांगितली नाही. दुसरी नळी घेतली.

नंतर अर्ध्या इंचाची षटकोनी सळई. तीन जबड्यांच्या चकात ती सरळ बसते, चौकोनी बसत नाही. का, ते मुलांनी कागदावर आकृती काढून शोधायचं. सळईचं टोक गोल करायचं, सर्क्लिपसाठी खाच पाडायची. मग येतात गिअरबॉक्सच्या पाट्या. वीस दाती आणि साठ दाती गिअर एकमेकांत बसवायचे, तर त्यांच्या केंद्रांतलं अंतर किती? त्यांच्याकडच्या गिअरसाठी दोन्हींच्या दातांची बेरीज करून ४० ने भागायचं. उत्तर दोन इंच. त्यात वर तीन थाऊ मिसळायचे, नाहीतर गिअर घट्ट बसून कुरकुरतात. तीन थाऊ म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीइतकं. वर्गात गणिताला कंटाळणारी मुलं तिथे त्या केसासाठी भांडत होती. अब्बा हे अंतर हाताने गिअर फिरवून, आवाज ऐकून ठरवायचे. या मुलांना आवाजही ऐकू येत होता आणि त्यामागचा हिशेबही कळत होता. हुनर आणि तालीम एका टेबलावर मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

संघात दोन मुली हिजाब घालणाऱ्या होत्या. मिशिगनच्या त्या भागात अरब मुसलमानांची मोठी वस्ती आहे. मी पाहत राहिलो की आता काय होतं. काही झालं नाही. लांब केस बांधायचे, टोपीच्या जाकिटाची दोरी आत खोचायची, ओढणीचं टोक आत खोचायचं, असा एकच नियम सगळ्यांना. त्या मुली खोचून येत आणि कामाला लागत. फिरणारी सळई कापड कुठल्या धर्माचं ते पाहत नाही, मोकळं आहे की खोचलेलं एवढंच पाहते. मला माझ्या आयटीआयची एक मुलगी आठवली. नव्वदच्या दशकात तिला टर्नरला प्रवेश हवा होता. घरच्यांनी ओढणीचं कारण पुढे केलं आणि तिला शिवणकामाला घातलं. ओढणीचा प्रश्न दोन पिनांचा होता. खरा प्रश्न वेगळा होता.

त्या वेगळ्या प्रश्नाचं टोकाचं रूप हेरातच्या मुलींनी पाहिलं. २०१७ मध्ये अफगाणिस्तानातल्या या शाळकरी मुली रोबोट घेऊन वॉशिंग्टनच्या जागतिक स्पर्धेला निघाल्या. व्हिसा दोनदा नाकारला गेला. अखेर त्या पोचल्या आणि धैर्याबद्दलचं रौप्यपदक घेऊन परतल्या. २०२० च्या साथीत त्यांनी टोयोटा कोरोलाची मोटर आणि मोटारसायकलची साखळी वापरून व्हेंटिलेटरचा नमुना बनवला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तालिबानची सत्ता आली आणि त्यांतल्या अनेकींना देश सोडावा लागला. त्यांच्या मागे राहिलेल्या मुलींची शाळा सहावीनंतर बंद आहे. हातात हुनर असलेल्या मुलींना तालीम नाकारली गेली, याहून मोठं नुकसान त्या मुलखाने स्वतःचं काय करून घ्यायचं?

अमेरिकेचं कौतुक सांगायला मी बसलेलो नाही. तिथे हा खेळ महाग आहे. त्या वर्षी एका संघाची नोंदणीच सहा हजार डॉलरच्या आसपास होती. ज्या शाळेला देणगीदार नाहीत तिथली मुलं बाहेरच राहतात. मला नेण्यासारखी वाटली ती गोष्ट वेगळी आहे. तिथे मिस्त्री शाळेच्या आत आला होता.

आपल्याकडेही हे होऊन गेलं आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करत शिकायचं हे तिथलं सूत्र. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम खेड्यांतल्या शाळांपर्यंत गेला आणि गावातले कारागीर मुलांना शिकवू लागले. २०१६ पासून नीती आयोगाने देशभर दहा हजार शाळांना अटल टिंकरिंग लॅब दिल्या, शाळेमागे वीस लाखांपर्यंत. त्यांत भर असतो सेन्सर, सर्किट आणि थ्री-डी प्रिंटरवर. चांगलंच आहे. पण प्लॅस्टिकचा भाग छापणं वेगळं आणि धातू कापणं वेगळं.

आपल्या वस्त्यांत धातू कापणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांच्याच दुकानात एखादा पोरगाही उभा असतो, नातीच्याच वयाचा. गॉगल नाही, पायांत चप्पल, दिवसाचे दहा तास. तीच लेथ. एकीकडे तिला शिक्षण म्हणतात, दुसरीकडे मजुरी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण पोराला दुकानातून काढून वर्गात बसवलं म्हणजे काम संपलं, असं नाही. त्याने दुकानात जे पाहिलं त्याला वर्गात काही किंमत मिळाली, तर तो वर्गात टिकेल.

आपल्या संस्था शाळा चालवतात, संगणक कक्षाचं उद्घाटन थाटाने करतात. त्यांना माझी एक विनंती आहे. लेथ नंतर घ्या. आधी एक बेंच व्हाइस, चार कानशी, एक हॅकसॉ, एक व्हर्निअर आणि एक ड्रिल मशीन आणा. आयटीआयमध्येही पहिलं काम कानशीने चौकोन घासण्याचंच असतं. शनिवारचा अर्धा दिवस द्या, मुलींनाही द्या. गॉगल मात्र पहिल्या दिवसापासून हवेत. शिकवायला मोहल्ल्यातल्याच एखाद्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. तो येईल; त्याला आजवर कुणी बोलावलेलं नाही. शाळेने अट एकच घालावी. मुलांनी त्याला 'सर' म्हणावं.