मी सांगते, पोरगा लिहितो

तुमच्या घरातला गुळाचा डबा जरा उघडून बघा. गूळ पिवळाधमक आहे की तांबूस काळपट? पिवळा असेल तर तो चांगला, असेच तुम्हाला वाटत असेल. या रंगापायीच आमचे गुऱ्हाळ बंद पडायची पाळी आली होती.

आमचे गाव पंचगंगेच्या काठचे, कोल्हापूर जिल्ह्यातले. गुऱ्हाळ मामंजींच्या वेळेपासूनचे. दिवाळीच्या सुमाराला चुलवाण पेटते ते उन्हाळा लागेपर्यंत. रस उकळू लागला की त्यात भेंडीची खोडे ठेचून काढलेले चिकट पाणी घालायचे, मळी वर आली की ती झाऱ्याने काढायची. गूळ उजळ दिसावा म्हणून हायड्रॉसची पूड टाकायची नाही, हा आमच्या मालकांचा हट्ट. पण बाजारात दर ठरतो रंगावर. आमची ढेप पुढे आली की बोली खाली यायची. दोन हंगाम जळण आणि मजुरीसुद्धा नीट सुटली नाही.

तेव्हा थोरल्याने इंटरनेटवर गुळाचे दुकान मांडले. अन्न सुरक्षेची नोंदणी केली, किलो किलोचे पुडे बांधले, फोटो काढले आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले, ‘अस्सल, शुद्ध, सेंद्रिय गूळ’. दोन महिन्यांत तीन मागण्या आल्या. त्यांतल्या दोन माझ्या बहिणींच्या!

एक दिवस पुण्याहून एका बाईंचा फोन आला. “गूळ काळा का दिसतो? जुना आहे का?” मी त्यांना सगळे सांगत बसले. पूड घातली की रंग कसा उजळतो, पुढे तोच गूळ ठेवणीत कसा काळवंडतो, आमच्या काहिलीत काय पडते नि काय पडत नाही. पाव तास गेला. फोन ठेवला तर पोरगा दारात उभा.

“आई, आत्ता जे बोललीस तेच लिहूया की.”

त्या दिवसापासून दर रविवारी रात्री जेवणे झाली की मी सांगते आणि तो दुकानाच्या पानावर लिहितो. पहिल्याच रविवारी मी त्याला ‘सेंद्रिय’ हा शब्द खोडायला लावला. उसाला आपण युरिया घालतो, मग सेंद्रिय कसे म्हणायचे?

तुम्ही म्हणाल, दर आठवड्याला लिहिण्यासारखे असते तरी काय? अहो, लोक विचारतात तेच लिहायचे. गुळाच्या चहात दूध का फाटते? गुळाला थोडे आंबट अंग असते, म्हणून उकळत्या दुधात तो घालू नये, खाली उतरवून जरा निवल्यावर घालावा. तोडलेला ऊस त्याच दिवशी का गाळावा? शिळ्या उसातली साखर मोडते, मग गूळ चिकट होतो, रवा धरत नाही. दर एवढा का? शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ निघतो, तो हिशेबच आम्ही मांडून दाखवला.

शहरातली सून चहा फाटला की मोबाइलला कारण विचारते. उत्तर शोधता शोधता ती आमच्या दारात येते. तिला आधी उत्तर मिळते, गूळ मागाहून दिसतो. ‘घ्या, घ्या’ म्हणून ओरडलो तेव्हा कुणी वळून पाहिले नाही. उपयोगाचे सांगू लागलो तेव्हा माणसे थांबू लागली.

ही काही आमच्या पोराची नवी युक्ती नव्हे. माझ्या वडिलांच्या ट्रंकेत ‘किर्लोस्कर’ मासिकाचे जुने अंक होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना काढला, तीच किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांना भीती. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे छोटे मासिक सुरू केले. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी, हा हेतू. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ झाले आणि घरोघर गेले. नांगर विकणाऱ्यांनाही आधी माणसांशी बोलावे लागले.

पण बोलायला लागले की खरे बोलावे लागते. त्याची परीक्षा दुसऱ्या पावसाळ्यात झाली. एका आदणाचा पाक गुळव्याने घाईने उतरवला होता. त्यात जुलैची हवा. पुड्यांतल्या गुळाला पाणी सुटले. चार तक्रारी आल्या. त्या आदणाचे पुडे मात्र तीस-पस्तीस घरी गेले होते. मालक म्हणाले, “ज्यांनी कळवले त्यांचे पैसे दे. कशाला आपणच आपली बोंब मारायची?”

रात्रभर मला झोप लागली नाही. हंगामाची सगळी मिळकत त्या नावावर होती. पण दर रविवारी खरे सांगते म्हणणारी मी, या रविवारी गप्प कशी बसू? सकाळी पोराला सांगितले, “लिही. चूक आपली आहे. पैसे परत किंवा नव्या हंगामाचा गूळ, ज्याला जे हवे ते.”

काही जणांनी पैसे घेतले आणि पुन्हा आले नाहीत. तो तोटा अजून मनात आहे. पण बहुतेकांनी नव्या गुळाची वाट पाहिली, आणि संक्रांतीला त्यांच्याच शेजारणींच्या मागण्या आल्या. त्या वर्षी मालकांनी गुऱ्हाळ मोडायचा विषय काढला नाही.

मधुमेहाला गूळ चालतो का, असेही पुष्कळ जण विचारतात. ‘चालतो’ म्हटले तर चार पुडे जास्त खपतील. पण गुळानेही रक्तातली साखर वाढते, म्हणून ‘डॉक्टरांना विचारा’ एवढेच आम्ही लिहितो.

आज निम्मा गूळ अजून बाजारातच जातो. उरलेल्या निम्म्याचा दर मात्र आम्ही ठरवतो. तुमच्याकडे हळद असेल, इंद्रायणी तांदूळ असेल, घरचे तूप असेल. ते कसे होते हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक आहे? आठवड्याचा एक वार धरा. गिऱ्हाईक काय विचारते ते वहीत टिपून ठेवा आणि त्याचे सरळ उत्तर द्या. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. मी सातवीपर्यंतच शिकले आहे. लिहायला घरात पोरे आहेत. सांगायचे काम आपले.