क्लचची वायर

बदलीचा आदेश आला की सामानाच्याही आधी माझ्या बुलेटचे कागद हलू लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाची पुनर्नोंदणी करावी लागते. चेन्नईला आलो, तेव्हा ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन मीही रांगेत उभा राहिलो. वास्तविक गाडी येथलीच. १९५५ साली मद्रासेत एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि माझी बुलेट तिच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात जन्मली. परकी ठरलो तो मी.

तेल, साखळी, टॅपेट यांची नोंदवही मी नेमाने ठेवतो. क्लच मात्र महिनाभर जड लागत होता. ‘पुढे पाहू’ असा शेरा मी मनातच मारला. एका रविवारी पूर्व किनारा मार्गाने पुदुच्चेरीला जाताना मरक्काणमच्या मिठागरांपाशी वायर तुटली. तेथील वृद्ध मेकॅनिकने तुटलेले टोक निमूटपणे माझ्या तळहातावर ठेवले. आतील बहुतेक तारा गंजून काळवंडल्या होत्या. ताज्या तुटलेल्या, चकाकणाऱ्या, दोनच. वायर महिनाभर तुटतच होती.

सोमवारी नुंगंबाक्कमच्या कार्यालयात कुटुंब निवृत्तिवेतनाच्या एका प्रकरणात अर्जदार बाईंचे तिसरे स्मरणपत्र आले होते. आधीच्या दोहोंवर ‘पाहिले, फाइल करावे’ हा शेरा माझ्याच हस्ताक्षरात होता. प्रकरण त्याच दिवशी निकालात काढले. बाईंचे सात महिने मात्र मला परत देता आले नाहीत.

आता रविवारी निघण्यापूर्वी क्लच दाबून पाहतो आणि सोमवारी स्मरणपत्रांचा गठ्ठा प्रथम मागवतो.