गालिचा धुताना

आमच्या दिल्लीच्या घरी बैठकीच्या खोलीत एक गालिचा आहे. माझे वडील रेल्वेच्या नोकरीत मिर्झापूरला होते तेव्हा त्यांनी तो घेतला. मध्ये गर्द तांबडा, भोवती सायीच्या रंगाची किनार. वडिलांच्या पश्चात आईने तो माझ्या स्वाधीन केला आणि दोन वर्षांच्या आत मी त्याची एक बाजू बिघडवून ठेवली. हे आधी कबूल केल्यावाचून या विषयावर आपणांस चार शब्द सांगण्याचा अधिकार मला पोचत नाही.

घडले ते असे. गालिच्यावर चहा सांडला. मी गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळविला आणि कपड्यांच्या ब्रशाने ती जागा खसाखसा घासली. चहाचा डाग निघाला. पण तांबडा रंग किनारीत उतरला तो कायमचा. लोकर ही आपल्या केसांच्याच जातीची वस्तू. सोड्यासारखे क्षार तिला सोसत नाहीत. धागा खरखरीत होतो, रंग सुटू लागतो. कपडे शुभ्र करणारे क्लोरीनचे द्रव तर लोकर चक्क विरघळवितात.

म्हणून शाम्पू घेताना तो लोकरीला चालतो असा स्पष्ट उल्लेख बाटलीवर पाहावा. सामू छापलेला असल्यास तो ७ च्या आसपास असावा. याहून मोलाची परीक्षा मात्र घरीच होते. पाण्यात कालवलेला थोडा शाम्पू बशीत ओतून दोन दिवस वाळू द्यावा. नखाने खरवडल्यावर कोरडी पूड निघाली तर तो घ्यावा. बोटाला चिकटला तर तो गालिच्यातही चिकटूनच राहणार, आणि महिन्याभरात पूर्वीपेक्षा अधिक धूळ धरणार. सुवासाला आणि फेसाच्या डोंगराला भुलू नये.

धुण्यापूर्वी गालिचा उलटा करून चांगला झटकावा, कारण मळाचा मोठा भाग कोरडी धूळच असते. मग ओले पांढरे फडके प्रत्येक रंगावर काही मिनिटे दाबून ठेवावे. फडक्याला रंग लागला, किंवा गालिचा रेशमी असला, तर तो जाणत्या कारागिराकडेच द्यावा. एरवी शाम्पू घुसळून वरचा फेस तेवढा स्पंजाने घ्यावा, लव ज्या दिशेने झुकते त्या दिशेने हलकेच फिरवावा आणि पिळलेल्या फडक्याने टिपून घ्यावा. खालच्या सुती ताण्यापर्यंत पाणी जाता कामा नये; तो लवकर वाळत नाही आणि कुजू लागतो. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कलकत्त्याकडे, हे काम काढूच नये. पंख्याखाली पुरता वाळल्यावर राहिलेली पूड झाडून घेतली की झाले.

'शाम्पू' हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. हिंदीतील 'चाँपना', म्हणजे दाबणे, अंग चेपणे, यावरून इंग्रजीने तो उचलला. भाषांतराच्या व्यवसायात असल्याने मला हे ठाऊक होते. तरीही त्या दिवशी मी चेपण्याऐवजी घासत बसले.

गेल्या हिवाळ्यात आई आली. किनार तिने पाहिली, बोलली काही नाही. संध्याकाळी मी कचेरीतून परतले, तो शेजारच्या मुलाला हाताशी घेऊन तिने गालिचा फिरविला होता. डागाची बाजू आता दिवाणाखाली आहे.