पाण्याबरोबर सरकणारी वाट

महाराष्ट्रात पायी भटकंती म्हटलं की गड आठवतो. राजगड, हरिश्चंद्रगड, घाटातल्या नाळी, भर पावसात चढलेला कडा. या भटकंतीने कित्येकांना सह्याद्रीची ओढ लावली, तिचं मोल मोठंच आहे. पण गुडघे धरलेल्या आजीला, चार पावलांवर कडेवर घ्या म्हणणाऱ्या नातवाला, जिना चढताना दम लागणाऱ्या माणसाला तिच्यात जागा नाही. दुसरीकडे, देशातली सर्वाधिक मोठी धरणं याच राज्यात आहेत. त्यांच्या फुगवट्याच्या कडेने, बंधाऱ्याच्या पाळीवरून, शेतांच्या बांधांवरून जाणाऱ्या सपाट पाऊलवाटा गावोगावी आहेत. त्यांवरून मच्छीमार जातो, म्हशी जातात, पाण्याची मोटर चालू करायला शेतकरी जातो. केवळ चालायला म्हणून सहसा कुणी जात नाही. या वाटा सगळ्यांसाठी खुल्या व्हायला हव्यात असं मला ठामपणे वाटतं. त्या खुल्या करताना पक्क्या मात्र करू नयेत. जलाशयाचा काठ वर्षभर एका जागी राहत नाही, त्यामुळे वाटेनेही सरकायची तयारी ठेवायला हवी.

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर पाहा. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात इथे दगडी बंधारा बांधला गेला. हेतू निव्वळ सिंचनाचा होता. इथून निघणारे गोदावरीचे दोन कालवे आजही कोपरगाव-राहाता भागातल्या शेतीला पाणी पुरवतात. पक्ष्यांचा विचार त्या आखणीत कुठेच नव्हता. पण दोन्ही नद्यांनी दरवर्षी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पात्र उथळ झालं, मध्ये बेटं वर आली, पाणकणीस आणि लव्हाळे माजले. पाणी साठवण्याच्या हिशेबाने हे नुकसानच. पण याच नुकसानीतून पाणथळ जागा तयार झाली. १९८६ मध्ये तिला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून तिचं नाव जाहीर झालं. या जागेचं सगळं वैभव उथळपणात आहे. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून आवर्तन सुटलं की इथलं पाणी चढतं, आवर्तन थांबलं की उतरतं, आणि त्याबरोबर ओली कड पुढे-मागे होते.

या ओल्या कडेजवळ हिवाळ्यातल्या सकाळी पाच मिनिटं थांबलं तरी पुष्कळ कळतं. पाण्यालगत हाताच्या रुंदीचा, काळपट, चकाकणारा चिखल असतो. त्यावर तुतवाराच्या पायांचे बारीक त्रिशूळ उमटलेले असतात आणि शेजारी चोच खुपसल्याची भोकं. थोडं आत, घोटाभर पाण्यात, शेकाट्या आपले लांबलचक लाल पाय उचलून टाकत चाललेला असतो. त्याच्यापुढे तलवार बदकं शेपटी वर करून डोकी बुडवतात. मान तळापर्यंत पोचेल एवढ्याच खोलीत त्यांचं चरणं चालतं. आणखी आत वारकऱ्यांचे काळे थवे आणि बुड्या मारणारी बदकं. कुणी कुठे उभं राहायचं हे पायांच्या आणि मानेच्या लांबीवर ठरतं. पाणी वीतभर उतरलं की सगळी रांग वीतभर पाण्यामागे जाते आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या चिखलातल्या अळ्या-गोगलगायींवर नवी पंगत बसते. हे पाहायला सपाट वाटच लागते. गड चढताना नजर पुढच्या पायरीवर असते, आणि तिथे ती असायलाच हवी. सपाटीवर पायांची काळजी मिटते आणि नजर मोकळी होते. म्हणून या वाटेला कमी प्रतीची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची वाट समजणं मला पटत नाही.

आता पक्क्या वाटेकडे वळू. काठ सुशोभित करायचा म्हटलं की आपल्याकडचा आराखडा जवळपास ठरलेला असतो: दगडी पिचिंग, काँक्रीटचा पदपथ, कठडा, दिव्यांचे खांब, जमल्यास कारंजं. पाण्याला एका रेषेत बांधून टाकलं की तो चिखलाचा पट्टा नाहीसा होतो. पाणी चढलं तरी भिंतीला टेकतं आणि उतरलं तरी भिंतीच्या पायथ्याशीच राहतं. खंड्या आणि बगळे काही काळ टिकतात, तुतवाराला मात्र पाय ठेवायला जागा उरत नाही. म्हणजे माणसं जे पाहायला येणार तेच त्यांच्या सोयीसाठी काढून टाकायचं. शिवाय जलसंपदा विभागाच्याच नकाशांवर निळी आणि लाल पूररेषा आखलेल्या असतात, साधारण २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या. निळ्या रेषेच्या आत बांधलेला पदपथ कधी ना कधी पाण्याखाली जाणारच, मग दुरुस्तीच्या नावाने तिथे पुन्हा सिमेंट ओतलं जाणार.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या आजीचा उल्लेख करून सुरुवात केली तिला ओबडधोबड बांधावर कसं चालता येईल? चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचं काय? त्यांच्यासाठी सोय हवी, याबद्दल दुमत नाही. पण सोय म्हणजे काँक्रीट असा अर्थ नाही. मुरूम पसरून, पाणी मारून नीट रोलर फिरवला की चाकाची खुर्ची जाईल असा घट्ट पृष्ठभाग मिळतो, आणि तो पाणी जिरू देतो. असा टप्पा प्रवेशद्वारापासून निरीक्षण मनोऱ्यापर्यंत, उंचवट्यावर, जलाशय पूर्ण भरल्यावरच्या पातळीपासून हात राखून करता येतो. दर थोड्या अंतरावर सावलीत टेकायला बाक ठेवला की चालणाऱ्याला तेवढं पुरतं. बाकीची वाट मातीचीच असू द्यावी.

दुसरा आक्षेप पक्ष्यांच्या बाजूने येतो आणि तो जास्त गंभीर आहे: माणसं आली की थवे उठतात. खरं आहे. दूर उत्तरेकडून थंडीत आलेल्या बदकाला प्रत्येक उड्डाणाची किंमत खाल्लेल्या अन्नातून मोजावी लागते. पण पक्षी सगळ्याच माणसांना सारखे बुजत नाहीत. रोज त्याच वाटेने जाणाऱ्या शेतकऱ्याकडे ते फारसं लक्ष देत नाहीत. थेट त्यांच्या रोखाने कॅमेरा घेऊन येणारा, मध्येच वाट सोडणारा, कुत्रं मोकळं सोडणारा माणूस त्यांना चालत नाही. म्हणून वाट एकच असावी, पाण्यापासून लांब, झुडपांच्या आडोशाने. उन्हाळ्यात बेटांवर आणि उघड्या काठावर नदी सुरय आणि टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात, तेव्हा तो भाग बंद ठेवावा. पण लोकांना कायमचं दूर ठेवण्यातही धोका आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळले आहेत. अभयारण्याचं कवच मिळालेली नांदूरसारखी ठिकाणं सुरक्षित, पण गावोगावच्या शेकडो तलावांना या नियमांचा आधार नाही. त्यांच्या काठावर राडारोडा पडू लागला, तर बोलायला तिथे रोज चालणारं कुणीतरी हवं.

आणि हे काठ मोकळे नाहीत, हे विसरून चालणार नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात पाणी खूप उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं. पाण्याखाली काय गेलंय याची ती दरवेळची आठवण असते. उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते, हरभरा-ज्वारी निघते. ज्यांची शेतं बुडाली त्यांच्यापैकी अनेकांना आता हीच जमीन उरली आहे. याच काठावरच्या भिगवण-कुंभारगावच्या मच्छीमारांनी रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठी होड्या चालवून नवं काम शोधलं आहे. त्यांच्या काठावर शहरातल्या लोकांसाठी वाट आखायची तर ती गाळपेरीच्या आड येता कामा नये आणि तिची मिळकत बाहेरच्या ठेकेदाराकडे जाता कामा नये. दरवर्षी पावसाळा सरला, पाणी स्थिरावलं की गावातल्याच माणसांनी कडेकडेने चुना मारलेले दगड मांडून त्या हंगामाची वाट आखावी. पुढच्या वर्षी पाणी वेगळ्या ठिकाणी थांबलं तर दगड उचलून दुसरीकडे मांडावेत. या कामाची मजुरी, वाटाड्यांचं मानधन, मुरमाची डागडुजी एवढाच खर्च आहे. काठ सुशोभीकरणाच्या निविदेत तो बसत नाही, म्हणून निविदेचाच नमुना बदलायला हवा.