दोन दिवसांची वाट

परवा कपाट आवरताना कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर सापडला. बोटाला लावायचा तो चिमटा. हातात घेतला आणि वरच्या खोलीतलं बाळ आठवलं.

२०२२ मधली गोष्ट. मोशीला आमच्या वरच्या खोलीत एक जोडपं भाड्याने राहत होतं. तो चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला, ती लातूरकडची. माहेरी करणारं कुणी नाही, म्हणून पहिलं बाळंतपण इथंच झालं. मुलगी! दुसऱ्या दिवशी घरीसुद्धा आली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला वर बोलावलं. "काकू, ही दूधच ओढत नाही हो."

बाळाचे ओठ जरा जांभळट दिसले. मी म्हटलं, "गारठली असेल, नीट गुंडाळ." झालं! त्यात अख्खा दिवस गेला. संध्याकाळी तो शिफ्टवरून आला, बाळाचा रंग पाहिला आणि तसेच दवाखान्यात धावले.

नंतर तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. पोटात असताना बाळाला प्राणवायू आईकडून, वारेतून मिळतो. फुप्फुसांना काम नसतं. म्हणून हृदयातून निघालेलं रक्त फुप्फुसं टाळून एका छोट्या नळीतून पुढे जातं. तिचं नाव डक्टस आर्टेरिओसस. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत ती आपोआप मिटते, आणि ते चांगलंच. पण या मुलीची फुप्फुसाकडे जाणारी मुख्य वाट जन्मतःच बंद होती. तिच्या फुप्फुसात रक्त पोचत होतं ते उलट त्याच नळीतून. ती उघडी होती तोवर बाळ छान दिसत होतं. ती मिटू लागली आणि...

प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध सलाइनमधून दिलं की ती नळी उघडी राहते. हा उपाय १९७० च्या दशकात सापडला. त्याने वेळ मिळाला, मग ऑपरेशन झालं. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या वाहिनीला जोडायची ही युक्ती १९४४ सालची, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधली. तीमागे डॉ. हेलन टॉसिग, डॉ. ब्लॅलॉक आणि विव्हियन थॉमस. थॉमस कृष्णवर्णीय, कॉलेजचं शिक्षणही पुरं न झालेला प्रयोगशाळा सहायक!

पोरगी वाचली. पण हजारात आठ-नऊ बाळं हृदयदोष घेऊन जन्मतात, आणि त्यातली काही अशीच पहिले दोन दिवस अगदी ठणठणीत दिसतात. चोवीस तासांनंतर बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला तोच चिमटा लावून पाहतात. आकडा ९५ च्या खाली किंवा हातापायात तीनपेक्षा जास्त फरक असेल, तर पुढची तपासणी करायची. पाच मिनिटांचं काम. सगळे दोष यात सापडत नाहीत, पण बरेच सापडतात. अर्थात आपला घरातला मोठ्यांचा चिमटा बाळाला चालत नाही, त्याचा वेगळा असतो.

तेव्हा लेक-सून बाळंत झाली की घरी आणण्याआधी एवढं विचाराच, "बाळाचा ऑक्सिजन पाहिला का?" आणि घरी आल्यावर ओठ जांभळे दिसले, दूध ओढेना, धाप लागली, तर माझ्यासारखं दुपटं शोधत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.

ती आता बालवाडीत जाते. जिन्यावरून "आजी" म्हणून हाक मारते. प्रत्येक वेळी माझं लक्ष आधी तिच्या ओठांकडे जातं.