तिसऱ्या मजल्यावरचं बाक

वन बीएचकेत नवीन वस्तू आणायची, तर तिला आधी इंटरव्ह्यू द्यावा लागतो. एकच काम येणारी वस्तू आमच्या डोंबिवलीच्या घरात टिकत नाही. सोफ्याला रात्री पलंग व्हावं लागतं, शिलाई मशीनला दिवसभर माझं वर्कस्टेशन. त्यामुळे मी एक्सरसाइज बेंच घेणार म्हटल्यावर पहिला प्रश्न 'कितीला?' हा आलाच नाही. 'त्याच्यावर अजून काय काय होतं?' हा आला.

तर, बरंच होतं. पाठ टेकायचा भाग वर-खाली करता येतो, म्हणजे कधी सपाट, कधी आरामखुर्चीसारखं तिरपं. पायांकडे फोमचे दोन रोलर. खालच्या लोखंडी चौकटीला दोन्ही बाजूंनी कड्या. त्यांत रबराचे रेझिस्टन्स बँड अडकवायचे आणि खेचायचे. झालं की घडी घालून कॉटखाली! (कॉटखाली ऑलरेडी गहू-तांदळाचे डबे आहेत, त्यांचं काय, असं बाबांनी दुकानदाराला चक्क फोन करून विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.) एका मासिकाकडे चार महिने रखडलेलं माझं मानधन एकदाचं आलं आणि त्यात हे प्रकरण बसलं. फ्रीलान्सरनं पैसे आले त्याच दिवशी खर्च करावेत, नाहीतर ते लाइट बिलात जातात, हा आपला पर्सनल फंडा.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. खोकं उघडल्यावर दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "आयुष्यभर फलाटावर बाकं बघितली. आता घरात पण?" तेव्हापासून आमच्याकडे त्याला कुणी बेंच म्हणत नाही. ते बाक.

जाहिरातीतल्या बाकावर सिक्स पॅकवाला एक हीरो घामाघूम होऊन सिट-अप्स मारत असतो. आमच्या बाकावर पहिली बसली ती माझी आई. वय वर्षं एकसष्ट, अंगात गाऊन, केसांना चापूनचोपून खोबरेल.

त्याचं झालं असं, की मागच्या पावसाळ्यात ती बाथरूमच्या उंबऱ्यावर पडली. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. हात छान जुळला, पोळ्या पुन्हा गोल यायला लागल्या, सगळ्यांच्या लेखी विषय संपला. फक्त एक झालं. आई खाली उतरेनाशी झाली. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. आधी म्हणाली, पाऊस आहे. मग म्हणाली, ऊन आहे. गुरुवारचं तळमजल्यावरचं भजन सुटलं. आणि एक दिवस मला खिडकीत नायलॉनची दोरी दिसली. दोरीच्या टोकाला कापडी पिशवी, पिशवीत पन्नासची नोट आणि खाली भाजीवाला. "बघ, किती सोपं झालं," आई म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. बत्तीस वर्षं त्याच भाजीवाल्याशी आणि त्याच्या बापाशी कोथिंबिरीवरून भांडलेली बाई ती!

मनगट असं मोडलं की डॉक्टर हाडांची घनता तपासायला सांगतात. आईचा टी-स्कोअर आला उणे १.९. उणे १ च्या खाली गेलं की ऑस्टिओपेनिया, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे आई मधल्या स्टेशनवर. औषधांचं डॉक्टरांनी बघितलं आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या मॅडमनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि सतरा इंच, म्हणजे साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची पुढे ओढली. हात छातीवर दुमडायचे, तीस सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं. बस, एवढीच टेस्ट. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बाराच्या आत जमलं, तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा जास्त धरतात.

आईला सात जमले. सातवा अर्ध्याच्या वर गेला होता म्हणून धरला, नियमच आहे तसा.

घरी येताना रिक्षात ती गप्प होती. मग एकदम म्हणाली, "शाळेत मी कधी नापास झाले नव्हते गं."

एका गोष्टीवर मात्र तिचा अजिबात विश्वास बसत नव्हता. "दिवसभर घरकाम करते, सिलिंडर सरकवते, बादल्या उचलते. अजून कसला व्यायाम?" हा प्रश्न तुमच्या आईनंही विचारला असेल. फिजिओ मॅडमनी फार झकास उत्तर दिलं. बादली वीस वर्षांपूर्वी होती तेवढीच आहे. स्नायूला दर थोड्या दिवसांनी आदल्यापेक्षा जरा जास्त काम दिलं तरच तो वाढतो. ओळखीच्या कामाला तो सरावतो आणि आरामात बसतो. वयामुळे तो झिजत राहतो ते वेगळंच. या झिजण्याला सार्कोपेनिया हे नाव १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकानं दिलं. ग्रीकमधले दोन शब्द जोडून, मांस आणि तोटा!

हसू नका, हा तोटा आपल्या खात्यातही लागतो. तिशी-चाळिशीतच हळूहळू सुरुवात होते, साठीनंतर वेग वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये चालण्या-पळण्याव्यतिरिक्त आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय. आपण काय करतो? मोबाइलवर पावलं मोजतो. ती दहा हजार पावलंसुद्धा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलेली, पण ते असो.

तुम्ही म्हणाल, मग आईला जिमला का नाही नेलं? नेलं होतं ना. काउंटरवरच्या मुलानं आईला 'आंटी' म्हणत वेट लॉसचं पॅकेज दाखवलं आणि मला टोनिंगचं. ताकदीचं पॅकेज कुणाचंच नव्हतं. शिवाय जिम पहिल्या मजल्यावर, आणि मुळात प्रश्न जिन्याचाच होता. लॉकडाउनमध्ये, मार्च २०२० पासून थेट २५ ऑक्टोबरच्या दसऱ्यापर्यंत महाराष्ट्रातल्या जिम बंद होत्या, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी पाण्याच्या बाटल्या उचलून दिवस काढले. म्हणजे घरी होऊ शकतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. पण डंबेल नको होते. आमच्या खालच्या काकांना वर चमचा पडला तरी कळतं.

बँड आवाज करत नाहीत. आणि डंबेलसारखे वागतही नाहीत. दोन किलोचं डंबेल उचला, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोन किलोच असतं. बँड जितका ताणाल तितका जास्त ओढतो. सुरुवात लाडीगोडीची, शेवट खरा. थेराबँड या कंपनीच्या तक्त्यानुसार लाल पट्टी दुप्पट लांब ताणली की साधारण १.७ किलोचा जोर लागतो, हिरवीला २.१, निळीला २.६, काळीला ३.३. रंग बदलला की इयत्ता बदलली. (दुसऱ्या कंपनीचा लाल वेगळा असू शकतो, रंगावर जाऊ नका.) नुसत्या पट्टीला मात्र धरायला काहीतरी लागतं. दाराला बांधली तर दार हलतं, खिडकीच्या ग्रिलला बांधायची तर ग्रिलमध्ये तुळस आहे. बाकाचा खरा उपयोग तिथे. माणूस त्यावर बसला की त्याचं स्वतःचंच वजन बाकाला जागेवर धरून ठेवतं. तरी लादीवर घसरू नये म्हणून खाली रबरी मॅट टाकलीय.

रबर ताणून कमावणं ही काही आजची फॅशन नाही. युजीन सँडो हा तेव्हाचा जगप्रसिद्ध पहिलवान १९०४-०५ च्या सुमारास भारतात खेळ करून गेला. स्वतःच्या नावाचं रबरी दोऱ्यांचं व्यायामाचं साधनही तो विकायचा. बनियनच्या नावातला सँडो तो हाच. म्हणजे बाबांच्या अंगातली सँडो आणि आईच्या हातातली पट्टी, दोघांचं गोत्र एकच! हे सांगितल्यापासून बाबांचा बाकाला असलेला विरोध थोडा मवाळ झाला.

आता गंमत बघा. ज्या सिट-अप्सच्या जोरावर ही बाकं विकली जातात, त्याच मॅडमनी आईला बंद केल्या. हाडं विरळ असताना कंबरेतून असं पुढे वाकलं की मणक्यांवर ताण येतो. त्यामुळे ते फोमचे रोलर आईच्या टॉवेलसाठी. तिचा कार्यक्रम अगदी साधा. पहिले पंधरा दिवस फक्त उठणं-बसणं, बाकाखाली दोन फळ्या सरकवून. उंची जास्त, म्हणून उठायला सोपं. मग एक फळी काढली, मग दुसरी. नंतर बाकावर ताठ बसून पट्टी पायांखालून घ्यायची आणि कोपरं मागे नेत ओढायची. मनगट नुकतंच जुळलेलं, म्हणून सुरुवात लालनं. मंगळवार आणि शुक्रवार, वीस-वीस मिनिटं.

माझा भाग जाड ट्यूबवाल्या बँडचा, बाकासोबत आलेल्या. उताणं झोपून दोन्ही मुठी छतापर्यंत ढकलायच्या, मग पालथं होऊन खेचायचं. दिवसभर लॅपटॉपपुढे कोळंबी होऊन बसणाऱ्या माणसाला हे पालथं खेचणं म्हणजे स्वर्ग आहे. खांदे मागे जातात आणि आपल्याला मान आहे याची आठवण येते.

पहिल्या महिन्यात आई सातवरून नऊवर गेली आणि मी पेढे आणायच्या बेतात होते. मॅडम हसल्या. सुरुवातीचे काही आठवडे स्नायू फारसे वाढत नाहीत, मेंदू त्यांना कामाला लावायला शिकतो. खरी भर त्यानंतर, आणि सावकाश. ती सावकाशी फार छळते. नोव्हेंबर अख्खा नऊवर गेला. आईनं दोन शुक्रवार बुडवले, एकदा गुडघा म्हणून, एकदा पाहुणे म्हणून. पाहुणे आलेच नव्हते.

डिसेंबरात एक पट्टी तुटली. आईच्या हातचं खोबरेल! तेलानं रबर सडतं, उन्हातही तडकतं, आणि आमच्या पट्ट्या वाळत असायच्या गच्चीच्या दोरीवर, पापडांशेजारी. नशिबानं फटका उशीवर बसला, चेहऱ्यावर नाही. तेव्हापासून आधी हात साबणानं, मग पट्टी उजेडासमोर धरून बारीक चिरा बघायच्या, आणि ठेवायची कपाटात, टाल्कम पावडर लावून. हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. रुळांची तपासणी व्हावी तशी ते पट्टीची तपासणी करतात.

जानेवारीत, हळदीकुंकवाच्या दिवसांत, आई एका गुरुवारी कुणाला न सांगता खाली गेली. मी घरी आले तर दाराला कुलूप. माझ्या छातीत धस्स झालं. ती तळमजल्यावर भजनात सापडली, टाळ हातात घेऊन. वर येताना दुसऱ्या मजल्यावर थांबली, कठडा धरला, दम खाल्ला आणि उरलेल्या अठरा पायऱ्या चढली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "बाजूला हो, मला कठडा दिसू दे."

दोरी अजून खिडकीतच आहे. कांदे-बटाटे तिच्यातूनच येतात, पण कोथिंबिरीला ती स्वतः उतरते.

सध्या ती हिरव्या पट्टीवर आहे आणि तीस सेकंदांत तेरा. पुढची टेस्ट जूनमध्ये. पास व्हायला बारा पुरतात, पण तिला पंधरा हवेत. तळमजल्यावरच्या काकूंना चौदा जमतात. तिनं स्वतः त्यांच्या डायनिंगच्या खुर्चीवर सेकंदकाटा लावून मोजलेत, आणि खुर्ची सतरा इंचांहून जरा उंचच आहे, असं तिचं ठाम मत आहे.